उसण काढणारा पाय

३ जानेवारी १९९७
नागेशला डेअरीतनं नव्या सालाची डायरी मिळाली, ती त्यानं मला दिली. म्हणला, "आये, अक्षरं गिरवलीस ती वापर, न्हायतर गंजतील." मी दुसरीतनं शाळा सोडून मेंढरांमागं गेले ती गेलेच. पाचेक वर्षांमागं साक्षरतेचे वर्ग निघाले तवा सुनेनं, बनानं, देवळाच्या पडवीत आमा नऊ बायांना शिकवलं. नवी नवरी, आन् सासूच्या पाटीवर खडू मारायची. मला मजा वाटायची.

बना म्हणती, डायरीत सगळं उलगडून लिहावं, वाचणाऱ्याला काय म्हाईत असतंय. पण वाचणार कोण? तरी लिहिते. मी प्रयागबाई. वस्ती सणसरच्या पुढं, कालव्याच्या कडेला. आमचे मालक वारून सहा वर्ष झाली. घरात मी, नागेश आन् बना, आन् बनाच्या पोटात आठवा महिना. तिला आई न्हाय, म्हणून पहिलं बाळंतपण हितंच. मला तर आतनं उकळ्या फुटत्यात.

मी पायाळू हाय. म्हंजी जन्मताना माझं डोकं न्हाय, पाय आधी आले. पायाळू माणसानं उसण भरलेल्या पाठीवर पाय लावला की उसण उतरती. इंदापूरपातूर माणसं यायची माझ्याकडं. लग्न बी त्यापायीच जमलं. मालक मेंढरं घेऊन पळसदेवला आमच्या रानात बसले होते, पाठ धरली म्हणून माझ्या बापाकडं आले. मी परकरातली पोर, टाच लावली. सरळ उभे राहून म्हणले, ही पोर मला द्या. पुढं त्यांची पाठ दर सकाळी धरायची आन् मी दर सकाळी पाय लावायची. म्हातारपणी पार कोयत्यासारखे वाकले, पण ते मेंढरामागं फिरून. त्या धंद्यात वाकतंच माणूस.

१५ जानेवारी
काल संक्रांत झाली. शेजारच्या मळ्यातले रावजी तात्या तिळगूळ घ्यायला आले ते पाठीला हात लावूनच. "वैनी, तिळगूळ राहू द्या, आधी लाथ घाला." मी म्हणलं, "तात्या, वर्षाच्या सणाला मागून लाथ खाणारा तुमीच एक." पालथे पडले ओट्यावर. पाचदा टाच लावली. पाय लावताना बोलायचं न्हाय असा नेम हाय. पण तात्याच एवढं बोलतात की दोघांचं पुरं होतं.

नागेशला तर रोजच. सत्तावीस वर्षांचा गडी, पण सकाळी अंथरुणातनं उठता येत न्हाय. कुशीवर लोळत कडेला येतो, भिंत धरतो. मी पाचदा टाच लावते, हात देऊन उठवते, मग तो अंगणात जरा फिरतो. साडेआठ वाजले की मोकळा. एम-एटीला किक मारून एमआयडीसीत. तीन वर्ष झाली, माझा पाय हाय म्हणून पोराची नोकरी हाय.

२१ जानेवारी
चार दिवस पळसदेवला भाच्याच्या लग्नाला जाऊन आले. उजनीचं पाणी अजून भरलेलं, जुन्या देवळाचं टोक तेवढं वर. आमचं बुडलेलं घर कुठं असंल ते भाऊ बोटानं दाखवतो, दरवेळी बोट दुसरीकडंच. जेवणात मासे लई झकास.

घरी आले तर सुनेचं बोलणं ऐका. म्हणती, "आत्या, रागावू नका. तुमी न्हवता तवाबी ह्यांचं साडेआठलाच मोकळं झालं. चारी दिवस. मी घड्याळ लावून बघितलं."
मी म्हणलं, "नवऱ्याची पाठ घड्याळ लावून बघतात व्हय गं?"
"बारामतीला हाडाच्या डॉक्टरला दाखवू या. मी येते संगं, हे एवढं पोट घेऊन."
"जेवढी वर्ष माझा पाय लोकांना बरं करतोय तेवढं तुझ्या डॉक्टरचं वय नसंल."

नागेशला तिच्यासमोरच विचारलं. तो आरशापुढं केस विंचरत होता. आरसा त्यानं खिळा बदलून खाली लावलाय, म्हणतो तिथं उजेड बरा पडतो. म्हणला, "न्हाय आये, तू न्हवतीस तवा जड गेलं." मी बनाकडं बघितलं. ती खाली मान घालून गेली. बरं झालं. शिकली म्हणून काय सासूच्या गुणावर घड्याळ लावायचं?

२५ जानेवारी
बनाशी अजून कामापुरतंच बोलते. डिंकाचे लाडू मात्र केलेत तिला. भांडण तिच्याशी हाय, पोटातल्याशी न्हाय.

१६ फेब्रुवारी
नात झाली! नात झाली! तीनदा लिहायचं होतं पण ओळ संपली.

बारामतीत शिजर करावं लागलं. डॉक्टरीणबाई म्हणल्या, बाळ उलटं हाय, पाय खाली हाईत. मी हरखलेच. पण मग मनात आलं, पोट फाडून काढली म्हंजी पायाळू धरायची का न्हाय? नर्सला गाठलं. "बाई, बाहेर काढताना आधी काय आलं?" ती म्हणली, "आजी, पेढे आणा, कसल्या चौकश्या करताय? पाय आले आधी." मी तिथंच व्हरांड्यात टाळी वाजवली. माझी नात पायाळू! गोरी न्हाय, काळी न्हाय, तव्यावरच्या भाकरीगत. सध्या छकुली म्हणतोय.

नागेशकडं दिली तर त्यानं तिला मांडीवर न घेता दोन्ही हातांनी वर उचलून तोंडासमोर धरली. नर्स म्हणली, "अहो, खाली घ्या, मान सांभाळा तिची." म्हणला, "मला असंच दिसती ती." बापाचं कौतुक कसं असतंय!

१९ फेब्रुवारी
उलट्या जन्मलेल्या लेकरांचे खुबे बघतात म्हणे. त्यासाठी हाडाचे डॉक्टर आले. छकुलीचे पाय इकडं फिरव, तिकडं फिरव, आन् ही पठ्ठी जांभई देती. डॉक्टर म्हणले, खुबे चांगले हाईत. मग ते नागेशकडंच बघत राहिले. नागेश खुर्चीतनं उठला आन् मला हाक मारायला वळला, तर सगळाच वळला, पायापासनं.

"अहो बाळाचे बाबा, जरा भिंतीला पाठ लावून उभे राहा. डोकं टेकवा."
टेकेना. मध्ये चार बोटं जागा. मी कधी बघितलंच नव्हतं. रोज पाठ बघायची, पण पालथी.
"किती वर्षं आहे?"
"तीन. चार असतील."
"सकाळी आखडतं, मग मोकळं होतं?"
"साडेआठला," नागेश म्हणला.
"होणारच. हा आजारच तसा. पडून राहिलं की आखडतो, हललं-चाललं की सुटतो. औषध घ्या न घ्या, तुमचं रोज सुटलंच असतं. पण दर वर्षी थोडं थोडं कमी सुटत जातं."

मी पिशवी धरून उभी होते. छकुलीची लंगोटं होती त्यात.
"कुणी पाठ दाबायचं? पाय द्यायचं?"
नागेश म्हणला, "न्हाय डॉक्टर."
"घरात आणखी कुणाला असा त्रास? वडील, काका?"
नागेश माझ्याकडं बघाय लागला. मी म्हणलं, "न्हाय कुणाला."

का म्हणलं तसं? वडलांचं सांगितलं असतं तर मग पायाचंबी सांगावं लागलं असतं.

२६ फेब्रुवारी
घरी आलो. नागेशच्या पाठीचे फोटो निघाले, रक्त पुण्याला गेलं होतं, तेबी आलं. आजाराचं नाव इतकं लांब की बनानं दोनदा वाचलं तरी माझ्या ध्यानात राहिना. मणके हळूहळू एकमेकांला जुळून येतात आन् पाठीची एकच काठी होती, वाकत न्हाय. बरा होत न्हाय, पण रोखून धरता येतो. रोज गोळी, रोज व्यायाम, पोहता आलं तर लई बेस. न्हाय केलं तर जसा वाकंल तसाच आयुष्यभर राहील.

घरी कुणीच मला काय बोललं न्हाय. नागेश न्हाय, बना न्हाय. बना टाके सांभाळत बाजेवर बसून पोरीला पाजत होती. घड्याळ तिच्या डोक्यावरच भिंतीला हाय. ती एकदा जरी त्याच्याकडं बघून माझ्याकडं बघती तरी मी मोकळी झाले असते. तिनं बघितलंच न्हाय.

छकुली रडताना ओठ कसा मुडपती, बघण्यासारखं हाय.

१० मार्च
आज मी पुन्हा चुकले. पोराला आराम मिळावा म्हणून मागल्या हप्त्यात पिंजाऱ्याकडनं जाड गादी भरून घेतली होती. दोन उशा. सकाळी त्याला म्हणायची, "पड अजून, मी म्हशीचं बघते." तोबी पडायचा. आज त्याला नऊ वाजले तरी उठता येईना, ड्युटी चुकली.

बनानं डॉक्टरचा कागद आणला. म्हणली, "आत्या, वाचा तुमीच." मी बोट ठेवून वाचलं. पातळ अंथरूण. जाड उशी नको. थोडा वेळ पालथं झोपावं. सकाळी उठल्याबरोबर व्यायाम, कंटाळा आला तरी.
"हे तू आधी का वाचून दाखवलं न्हाईस?"
"दाखवणार होते. पण तुमी गादी एवढ्या हौसेनं आणली."

माझ्या हौसेला घरात सगळे भ्यायला लागलेत, असं आज कळलं. गादी गुंडाळून माळ्यावर टाकली.

२ एप्रिल
पोहण्याचं जमलं. कालव्याला पाणी पाळीनं येतं, तिथं रोजचं न्हाय जमत. पण रावजी तात्यांची पायऱ्यांची विहीर हाय. नागेशनं विचारलं तर तात्या म्हणले, "ईर काय माझ्या बापानं एकट्यासाठी खणली व्हय? ये रोज. पण आंघोळीचा साबण आणू नकोस, माझे मासे मरतील." सकाळी सहाला जातो. मी छकुलीला घेऊन काठावर बसते आन् त्याच्या फेऱ्या मोजते. लहानपणी पाठीला डबा बांधून शिकला होता, अजून हात विसरला न्हाय. पाण्यात त्याची पाठ बघितली की वाटतं काही झालंच न्हाय. वर आला की दिसतं.

छकुली पाण्याकडं बघून हुंकार देती. तिला बोलता यायला लागलं की माझं काय खरं न्हाय.

२० एप्रिल
लिहू का नको असं चाललंय दुपारपासनं.

रावजी तात्यांची पाठ धरली. विहिरीवरच आले, पायरीशी पालथे पडले. "वैनी, घाला." मी म्हणलं, गुडघा दुखतोय. म्हणले, "मग हळू घाला." नागेश पाण्यात होता. विहीर तात्यांची. मला न्हाय म्हणवलं न्हाय. पाचदा टाच लावली, मुकाट्यानं. खालनं पाण्याचा आवाज यायचा थांबला होता. नागेश नुसता तरंगत वर बघत होता.

तात्या उठले, कमरेवर हात ठेवून म्हणले, "उतरली बघा!" मग छकुलीच्या पायाला हात लावला. "वैनी, तुमचा गुडघा गेला, आता हिला बसवा. तिसरा महिना सरला की एक दिवस बघून पहिला पाय माझ्याच पाठीवर. मी नारळ आणतो." बाजूला त्यांची मालकीण धोंडाबाई होती, तीबी म्हणली, मलाबी हाय माझी कंबर.

मी हसले. पोरीला पदराखाली घेतलं आन् हसले. दुसरं काय केलं न्हाय.

२२ एप्रिल
आज नागेशला विचारलं. तो व्यायाम करत होता, छाती भरून श्वास घ्यायचा, सोडायचा. मी आकडे मोजते.

"नागेशा, माझ्या पायानं तुला काय वाटायचं?"
"सात झाले का आठ?"
"आठ. सांग की."
तो पालथाच होता, तोंड जमिनीकडं. म्हणला, "दुखायचं."
"आन् तीन वर्ष बरं वाटतंय बरं वाटतंय म्हणायचास?"
"पाय लावून झाल्यावर तू हात द्यायचीस ना उठायला, तो बरा वाटायचा. म्हणून तेवढं खोटं न्हाय. आन् खरं सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस आये? मालकांच्या पाठीपासनं तुझं सगळं त्याच्यावरच उभं." त्यानं बापाला मालक म्हणलं, माझीच चेष्टा करायला. "नऊ मोज आता."

मी नऊ मोजलं. पुढं मोजताना चुकले. त्यानं पंधरा केले का सोळा, देव जाणे.

६ मे
डॉक्टरकडं तिसरी फेरी. ह्या खेपेला मीच आत गेले, बना आन् नागेशच्या संगं. नागेशला वाकवलं, बोटं जमिनीपासनं किती लांब राहतात ते टेपानं मोजलं. मागच्यापेक्षा दोन बोटं जवळ. डॉक्टर खूश. मी म्हणलं, "डॉक्टर, मला बोलायचंय."

सगळं सांगितलं. रोजची टाच. तीन वर्ष. मालकांची पाठ, तीबी सकाळीच धरायची, तेबी वाकले, आन् मी म्हणलं होतं घरात कुणाला न्हाय. नागेश म्हणायला लागला, "आये, जाऊ दे." डॉक्टरांनी त्याला हातानं थांबवलं.

"जोरात द्यायचात पाय?"
"उसण निघावी एवढा."
त्यांनी लेखणी खाली ठेवली. म्हणले, "आजी, असा कणा काडीसारखा मोडू शकतो. मग माणूस उठतच नाही. पुन्हा कुणाच्याच पाठीवर नको."
"तीन वर्ष आधी आणला असता तर?"
मला वाटलं, म्हातारी म्हणून गोड बोलतील. बोलले न्हाईत. "मान एवढी आखडली नसती. जेवढी गेली ती परत यायची नाही. आहे ती टिकवू." मग मालकांचं कागदावर लिहून घेतलं. हा आजार घराण्यात चालतो म्हणे. छकुलीला होईलच असं न्हाय, पण मोठेपणी पाठ धरली तर वाट बघायची न्हाय.

म्हंजी मालकांची पाठ मेंढरांनी वाकवली नव्हती. मी चाळीस वर्ष रोज पहाटे बघत होते आन् मला दिसलं न्हाय.

नागेश डॉक्टरकडनं तसाच ड्युटीवर गेला. एस.टी.त बनाशेजारी बसले. स्टँडवर शेंगा घेतल्या होत्या. भवानीनगर मागं पडलं. मग म्हणलं, "बना, तू घड्याळ लावून बघितलंस ते बरोबर होतं. मी चार दिवस तुझ्याशी बोलले न्हाय."
"सहा," ती म्हणली.
"सहा व्हय?"
"सहा. मोजले मी." शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले. "पण आत्या, मीबी त्याच्या आधी तीन वर्ष गप्पच होते की. तुमाला भिऊन. माझा नवरा होता, मला ओढून न्यायला काय झालं होतं?"
मला वाटलं होतं, माफी मागितली की हलकं वाटंल. तिच्या वाटणीचंबी मला दिसायला लागलं, आन् तेबी माझ्यामुळंच.

१८ मे
छकुलीला तिसरा महिना संपून चौथा लागला. सकाळी रावजी तात्या धुतलेलं धोतर नेसून आले. हातात नारळ, हळदीकुंकू. मागं धोंडाबाई. ओट्यावर सतरंजी टाकली आन् तात्या आपले आपणच पालथे पडले. "आणा वैनी नातीला. पहिला मान माझा."

नागेश दारात उभा. बना आत. पोरगी माझ्या कडेवर, पाय हलवत.

मी म्हणलं, "तात्या, उठा."
"का? मुहूर्त चुकला का?"
"उठा आधी. पालथ्या माणसाशी काय बोलणार."
ते उठून बसले. मी सांगितलं. "माझ्या पायात काय न्हाय. कधीच नव्हतं. नागेशची पाठ मी तीन वर्ष बिघडवली. हिच्यातबी काय न्हाय. हिचा पाय कुणाच्या पाठीला लागणार न्हाय."

तात्या माझ्याकडं, मग माझ्या पायाकडं बघत राहिले. "अहो पण माझी उसण उतरायची ती?"
"दोन दिवसांनी आपली आपण उतरायची. तुमी दुसऱ्या दिवशी यायचा, म्हणून माझं नाव व्हायचं."
"तीस वर्ष?"
"तीस वर्ष."
"म्हंजी तीस वर्ष मी उगंच लाथा खाल्ल्या व्हय वैनी?"

आधी धोंडाबाई हसली. मग आत बना. नागेश बरगडी धरून हसत होता, हसताना दुखतं त्याला तिथं. तात्या हसले न्हाईत. नारळ उचलला, धोतर झटकलं, पायरी उतरले. मला वाटलं, गेली विहीर. पोराचं पोहणं माझ्या तोंडानं घालवलं. मी मागनं म्हणलं, "तात्या, राग धरू नका."

फाटकात थांबून म्हणले, "राग तर आलाय. चार दिवस येणार न्हाय मी हिकडं." मग नागेशकडं बघून, "तू रे? आज आला न्हाईस ईरीवर. सुट्टी हाय म्हणून पोहणं चुकवतोस व्हय? चल, ऊन चढायच्या आत."

नागेश टॉवेल घेऊन त्यांच्या मागनं गेला. दोघंबी पाठीत वाकलेले, एक वयानं आन् एक न्हाय. मी पोरीला घेऊन दारात उभी होते. एवढी वर्ष मी ज्याला फसवलं, तो माझ्या पोराला पाण्यावर घेऊन चालला होता, आन् मला त्याच्यामागं जायला तोंड नव्हतं. बना आतनं आली, म्हणली, "आत्या, जावा की. आकडे कोण मोजणार?"

गेले मी.